आजार नाही, तर मग कागदावर कोड कशाला?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा २४ वर्षांचा. जन्मनोंदीत 'स्त्री' असं लागलेलं, पण कळायला लागल्यापासून तो स्वतःला मुलगाच समजतो. हॉर्मोन सुरू करायचे म्हणून तो मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला आणि एक कागद घेऊन घरी आला. निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जेंडर इन्कॉन्ग्रुअन्स, एचए६०', म्हणजे स्वतःला जाणवणारं लिंग आणि जन्मनोंदीतलं लिंग यांतली तफावत. आई विचारतात, हा मानसिक आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेनं हे यादीतून काढलं असं वाचलं होतं, मग कोड कुठून आला? आजार नसेल तर डॉक्टरांच्या कागदाची गरजच काय? आणि शेवटी एक ओळ आहे, 'हा कागद पुढं त्याच्या अंगाशी येणार नाही ना?'

ताई, सरळ उत्तर आधी देते. हा मानसिक आजार नाही. तरीही डॉक्टरांनी कोड लिहिला तो बरोबरच लिहिला, आणि यादीतून काढल्याचं तुम्ही वाचलंत तेही बऱ्याच अंशी खरं आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, २६ वर्षं हे काम करते आहे, आणि तुमच्या मुलाला मिळाला तसा कागद मी कितीतरी जणांना लिहून दिला आहे. म्हणून त्या कागदात काय असतं, काय नसतं आणि तो कुठं मागितलाच जायला नको, हे जरा ऐसपैस सांगते.

कोड ज्या ग्रंथातला आहे त्याचं नाव आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, आयसीडी. नाव आजारांचं असलं तरी आत फक्त आजार नाहीत. शिडीवरून पडणं, कुत्रा चावणं, पोटात जुळी बाळं असणं, या सगळ्यांना कोड आहेत. माणूस दवाखान्यात कशाकशासाठी येतो ते मोजता यावं, त्यावरचा खर्च कुणी द्यायचा ते ठरवता यावं, यासाठी मांडलेली ती खातेवही आहे. गरोदर बाई आजारी नसते. तरी तिला तपासण्या लागतात, औषधं लागतात, कधी शस्त्रक्रिया लागते, म्हणून आयसीडीत बाळंतपणाचं अख्खं प्रकरण आहे. सध्याच्या अकराव्या आवृत्तीत ते १८ वं. तुमच्या मुलाचा कोड त्याच्या अलीकडच्या, १७ व्या प्रकरणात आहे. त्या प्रकरणाचं शीर्षक 'लैंगिक आरोग्याशी संबंधित अवस्था' असं आहे. मानसिक विकारांचं प्रकरण सहावं, आणि एचए६० तिथं नाही.

पूर्वी होता. दहावी आवृत्ती मे १९९० मध्ये मंजूर झाली, तिच्यात 'ट्रान्ससेक्शुॲलिझम' या तेव्हाच्या नावानं हा एफ६४.० होता, आणि 'एफ' म्हणजे मानसिक व वर्तनविषयक विकार. मी शिकत होते तेव्हा हे कोड आम्ही ओळीनं पाठ केले. एफ६३ मध्ये जुगाराची ओढ, आगी लावण्याची ऊर्मी, चोरीची ऊर्मी. एफ६५ मध्ये ज्यांना तेव्हा सरसकट लैंगिक विकृती म्हटलं जायचं ते सगळं. या दोहोंच्या मधे एफ६४. परीक्षेपुरतं पाठ करताना मला काही खटकलं नाही. ज्यांच्या केसपेपरवर तो कोड लिहायचा ती माणसं समोर बसायला लागली तेव्हा खटकायला लागलं. कुणी शिक्षक, कुणी गवंडी, कुणी स्वतःच परिचारिका. आगी लावणाऱ्याच्या शेजारच्या रकान्यात त्यांना बसवताना हात थबकायचा.

अकरावी आवृत्ती जून २०१८ मध्ये जाहीर झाली, मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं ती मंजूर केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तिच्यात नुसती जागा बदललेली नाही, व्याख्याही बदलली आहे. माणसाला स्वतःचा जो लिंगभाव जाणवतो तो, आणि जन्मावेळी नोंदलेलं लिंग, या दोहोंत ठळक आणि टिकून राहिलेली तफावत, एवढंच आता निदानाला लागतं. माणूस दुःखी असलाच पाहिजे अशी अट नाही. शिवाय एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, जी मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावते : नुसतं वागणं आणि आवडीनिवडी यांवरून हे निदान करायचं नाही. मुलगी केस बारीक कापते, मुलगा बाहुल्यांशी खेळतो, यातून काहीच सिद्ध होत नाही.

दुःखाची अट काढली हे फार मोठं काम झालं. त्यामागं बराच अभ्यास आहे. मेक्सिको सिटीत २५० पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता की या लोकांच्या वाट्याला येणारा मानसिक त्रास, कामात-शिक्षणात येणारे अडथळे, हे तफावतीमुळे येतात की आणखी कशामुळे? आकड्यांतून दिसलं ते असं, की त्रासाचा अंदाज तफावतीवरून फारसा बांधता येत नाही. लोकांनी झिडकारणं आणि हिंसा यांवरून बांधता येतो. आणि झिडकारणारे, मारणारे पुष्कळदा घरातलेच होते. पुढं इतर देशांतही असे अभ्यास झाले. माझ्यासारखीला खुर्चीत बसून जे वर्षानुवर्षं दिसत होतं, ते तिथं मोजून मांडलं गेलं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी झोप उडालेली, मनगटावर वळ असलेली माणसं बहुतेक वेळा अशा घरांतून येतात जिथं त्यांच्याशी बोलणं बंद झालेलं असतं. ज्याच्यासोबत आई येऊन बाहेरच्या बाकावर बसते, त्याच्याशी माझं बोलणं बरंचसं झोपेच्या गोळ्यांशिवायच संपतं. तुम्ही प्रश्न विचारलात, म्हणजे तुम्ही त्या बाकावर आहात.

तुमच्या मुलाच्या कागदावर कदाचित दुसरीकडे 'जेंडर डिस्फोरिया' असाही शब्द दिसेल. तो अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या ग्रंथातला आहे. तिथं १९८० साली हे निदान पहिल्यांदा आलं, १९९४ मध्ये त्याला 'जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर' म्हणायला लागले, आणि २०१३ मध्ये 'डिसऑर्डर' हा शब्द काढून 'डिस्फोरिया' आला, म्हणजे अस्वस्थता, घुसमट. ओळख हा विकार नाही, त्यातून होणाऱ्या घुसमटीला मदत हवी, असा तो विचार. माझं मत विचाराल तर हे पाऊल अर्धंच पडलं. डीएसएम हा मुळात मानसिक विकारांचाच ग्रंथ आहे, आणि तिथं त्रास झाल्याशिवाय निदान होत नाही. मग व्हायचं ते होतं. माणसं त्रास दाखवायला शिकतात. चांगलं चाललेलं असतं, नोकरी असते, जोडीदार असतो, पण हॉर्मोनची चिठ्ठी हवी म्हणून डॉक्टरसमोर रडावं लागतं.

हे आजचं नाही. हॅरी बेंजामिन या डॉक्टरांनी १९६६ साली या विषयावर एक पुस्तक लिहिलं. ज्या काळात बहुतेक डॉक्टर अशा माणसांना हाकलून द्यायचे त्या काळात त्यांनी उपचार केले, हे त्यांचं ऋण आहेच. पण पुढं शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांच्या लक्षात आलं की येणारा प्रत्येक जण तीच गोष्ट सांगतोय. लहानपणापासून चुकीच्या शरीरात असल्यासारखं वाटायचं, हे खेळ आवडायचे, ते कपडे आवडायचे. कारण सगळ्यांनी ते पुस्तक वाचलं होतं, आणि त्या वर्णनात बसलं तरच दार उघडतं हे त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांना वाटलं, बघा, आपलं वर्णन किती अचूक. दाराशी उभा असलेला माणूस खरं बोलत नाही तो खोटारडा असतो म्हणून नाही. दार तुमच्या हातात असतं म्हणून बोलत नाही.

दाराच्या या बाजूला बसून मीही चुकले आहे. सुरुवातीच्या काळात एक ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मनोंदीत 'पुरुष' लागलेली स्त्री, माझ्याकडे यायची. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे 'हव्या त्या लिंगाच्या भूमिकेत' वर्षभर राहून दाखवणं अपेक्षित असायचं. ती दर वेळी शर्ट-पँटमध्ये यायची. मी नोंद केली, 'निर्धार पक्का वाटत नाही', आणि शिफारसपत्र आठ महिने लांबवलं. ती कामावरून थेट यायची, कामाच्या ठिकाणी साडी नेसून गेली असती तर काम गेलं असतं, आणि रात्री एकटीनं परत जायचं असायचं. हे तिनं सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. मी फक्त कपडे पाहिले. ज्या आवडीनिवडींवरून निदान करू नका असं आज छापलेलं आहे, नेमक्या त्यांच्यावरूनच मी तिचे आठ महिने घेतले. ते परत देता येत नाहीत. जगभरातले तज्ज्ञ ज्या उपचारसंहितेकडे पाहतात, त्या डब्ल्यूपॅथ या पारलिंगी आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२२ मधल्या आठव्या आवृत्तीत वर्षभर राहून दाखवण्याची ती अट उरलेली नाही, आणि शस्त्रक्रियेसाठी दोन पत्रांऐवजी एक पुरतं. माझ्या त्या रुग्णाच्या वेळी असं असतं तर, हा विचार अजून येतो.

मूल्यमापनात आता मी काय पाहते ते सांगते, म्हणजे बंद दाराआड तुमच्या मुलाला काय विचारलं असेल याची धास्ती जाईल. उपचारानं काय बदलेल, काय बदलणार नाही, काय कायमचं होईल हे त्याला समजलंय का. तफावतीची जाणीव टिकून आहे का. नैराश्य, व्यसन, भ्रम असं काही सोबत असेल तर त्यावर उपचार चालू आहेत का. पारलिंगी माणसाला नैराश्य येऊ शकतं, जसं कुणालाही येतं. त्यानं त्याची ओळख खोटी ठरत नाही आणि त्याच्या ओळखीमुळं नैराश्यही खोटं ठरत नाही. दोन्हीकडे वेगवेगळं बघायचं असतं. 'तू खरंच पुरुष आहेस का' हे ठरवण्याची कोणतीही तपासणी माझ्याकडे नाही. रक्ताची नाही, मेंदूच्या स्कॅनची नाही, प्रश्नावलीची नाही. ते तोच सांगू शकतो.

आणि ते सांगणं आपल्या भाषेत किती अवघड आहे हे मराठी बोलणाऱ्यांनी जरा थांबून पाहावं. एकदा वीस-बावीस वर्षांची एक व्यक्ती भावासोबत आली होती. 'झोप लागत नाही. जेवण जात नाही. कॉलेज सुटलं. नोकरी लागली. मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही.' वीस मिनिटं अशी वाक्यं. मला काहीतरी वेगळं जाणवत होतं पण काय ते उमगेना. मग लक्षात आलं, इतक्या वेळात एकदाही 'मी गेलो' नाही की 'मी गेले' नाही. 'मी' हा शब्दच टाळलेला. जे वाक्य बोललं की लिंग सांगावं लागतं, ते प्रत्येक वाक्य वळसा घालून चुकवलेलं. भावाला बाहेर बसायला सांगितलं आणि म्हटलं, 'तुम्हाला स्वतःबद्दल जसं बोलायचंय तसं बोला, मी तसंच लिहून घेईन.' बराच वेळ काही नाही. मग एकच वाक्य आलं, 'मी कंटाळलोय.' भावाला जे ऐकायची सवय होती त्याच्यात आणि या वाक्यात एका स्वराचा फरक. नंतरच्या तासाभरात तो जितका बोलला, तितका त्याआधी कुणाशीच बोलला नव्हता. केसपेपरवर मी जे निदान लिहिलं ते त्या स्वरानंतरचं आहे, आधीचं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आजार नाही, तर पूर्ण काढूनच का टाकलं नाही? समलैंगिकतेचं तसं झालं. डीएसएममधून १९७३ साली ती काढायचं ठरलं, आयसीडीतून १९९० मध्ये गेली, आणि तिच्या जागी काही काळ ठेवलेली दुसरी निदानंही पुढं काढून टाकली गेली, कारण समलैंगिक माणसाला समलैंगिक असण्यासाठी डॉक्टरांकडून काहीच नको असतं. पारलिंगी माणसाचं तसं नाही. बऱ्याच जणांना काहीच उपचार नको असतात, त्यांना कोडचीही गरज नाही. ज्यांना हॉर्मोन हवेत, छातीची शस्त्रक्रिया हवी, त्यांना मात्र रुग्णालयाच्या नोंदवहीत कुठल्या तरी ओळीत बसावं लागतं. ती ओळच नसेल तर सरकारी योजना म्हणते कारण दाखवा, विमा कंपनी म्हणते हे सौंदर्यासाठी आहे, आणि औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला कुणी विचारलं की 'कशासाठी दिलंस', तर त्याच्याकडे उत्तर नसतं. मग माणसं औषधाच्या दुकानातून किंवा ओळखीतून मिळेल ते घेतात आणि मापाविना घेतात. हे मी पाहिलं आहे. म्हणून कोड राहिला, पण घर बदलून. चळवळीतल्या अनेकांनीही हाच तोल मागितला होता.

लहान मुलांच्या कोडबद्दल मात्र मतभेद होते आणि आहेत. वयात येण्याआधीच्या मुलांसाठी एचए६१ आहे, त्यासाठी सुमारे दोन वर्षं तफावत टिकलेली असावी लागते. या वयात कुठलंही औषध द्यायचं नसतं, मग निदान तरी कशाला, असा पारलिंगी संघटनांचा आक्षेप होता. मला तो पटतो. या मुलांना समजून घेणारे आईबाप आणि न चिडवणारी शाळा लागते, त्यासाठी कोड लागत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की कोड नसेल तर कुटुंबांना जाणकार माणसापर्यंत पोचता येणार नाही. तेही सर्वस्वी चुकीचं नाही. किशोरवयातल्या उपचारांवर, विशेषतः वयात येणं लांबवणाऱ्या औषधांवर, सध्या वैद्यकातच खराखुरा वाद चालू आहे. स्वीडन, फिनलंड, ब्रिटन इथं पुराव्यांची छाननी होऊन नियम कडक झाले, ब्रिटनमधला कॅस अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. दुसऱ्या अनेक वैद्यकीय संघटना हे उपचार काळजीपूर्वक चालू ठेवावेत म्हणतात. दीर्घ मुदतीचा पुरावा हवा तेवढा भक्कम नाही हे मान्य करूनच मी किशोरवयीन मुलांच्या घरच्यांशी बोलते, आणि काहीच न करणं म्हणजे बिनजोखमीचं असं नाही हेही सांगते. तुमचा मुलगा २४ वर्षांचा आहे. हा वाद त्याच्या कागदाला लागू होत नाही, कुणी तो तुमच्या अंगावर फेकला तरी.

इथवर उपचाराचं बोलले. ओळखीच्या कागदपत्रांचं बोलणं वेगळं, आणि सगळा घोळ या दोन गोष्टींची गाठ मारल्यानं झाला आहे. हॉर्मोन देण्यासाठी डॉक्टरांचा कागद लागतो, कारण औषधाची जबाबदारी डॉक्टरची असते. नाव आणि लिंग बदलून घेण्यासाठी डॉक्टरचा कागद का लागावा? ती नोंद माणसाची आहे. तिथं डॉक्टरला बसवलं की काय होतं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण स्वीडनचं. १९७२ साली त्या देशानं लिंगबदलाला कायद्यानं मान्यता दिली, तेव्हा ते पुढारलेलं पाऊल मानलं गेलं. अट होती नसबंदीची. ती अट २०१३ पर्यंत राहिली. चाळीस वर्षं माणसांना ओळखपत्रासाठी मूल होण्याची शक्यता देऊन टाकावी लागली, आणि ते करणारे हात डॉक्टरांचे होते. २०१८ मध्ये स्वीडननं या लोकांना प्रत्येकी २,२५,००० क्रोनर भरपाई द्यायचा कायदा केला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०१७ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या खटल्यात अशी अट खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे असं ठरवलं. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रजननक्षमता संपवण्याची अट घटनाबाह्य ठरवली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. एवढ्यात.

फ्रान्सच्या त्या निकालात एक गोष्ट मला सलते. नसबंदी नको म्हणणाऱ्या त्याच न्यायालयानं, लिंगनोंद बदलण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाचं निदान मागायला हरकत नाही असंही म्हटलं. म्हणजे माझ्या व्यवसायाला पुन्हा खिडकीत बसवलं. अर्जेंटिनानं २०१२ सालीच दाखवून दिलं होतं की तसं बसवायची गरज नाही. तिथल्या कायद्यात माणूस स्वतः सांगतो आणि नोंद बदलते, निदान नाही, शस्त्रक्रिया नाही, न्यायालय नाही, आणि त्याच कायद्यानं हॉर्मोन व शस्त्रक्रिया सार्वजनिक आरोग्यसेवेत मिळतात. ओळखीला कोड लागत नाही आणि उपचार तर मिळतो, ही सांगड घालता येते. त्यानंतर डेन्मार्क, माल्टा, आयर्लंड याच वाटेनं गेले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानंही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नाल्सा) खटल्यातल्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मानला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं. कायद्यांची भाषा देशागणिक बदलते आणि पुढंमागं होते, त्यामुळे तुमच्या मुलाला कुठल्या कार्यालयात आज काय मागतील ते तिथल्या चालू नियमात पाहा. पण कुणी तुम्हाला असं सांगितलं की 'डॉक्टरनं म्हटल्याशिवाय तो मुलगा नाही', तर ते वैद्यकशास्त्राच्या नावावर खपवू नका. वैद्यकशास्त्र असं म्हणत नाही.

आणखी एक माणूस तुमच्या दारात येईल, बहुधा नात्यातलाच. तो म्हणेल, अमुक एक डॉक्टर आहेत, ते समुपदेशन करून 'सरळ' करतात. ताई, त्या वाटेला जाऊ नका. लिंगभाव बदलणारा उपचार अस्तित्वात नाही; त्याच्या नावाखाली जे केलं जातं त्यानं माणसं खचतात, काही जीव देतात. मानवी हक्कतज्ज्ञांनी २००६ साली मांडलेल्या योग्यकार्ता तत्त्वांमध्ये (इंडोनेशियातल्या शहरावरून हे नाव) हे थेट लिहिलं आहे की लिंगभाव ही वैद्यकीय अवस्था नाही, तिच्यावर इलाज करायचा नाही, ती दडपायची नाही. माल्टानं २०१६ मध्ये आणि कॅनडानं पुढं अशा 'उपचारां'वर कायद्यानं बंदी आणली.

आता कागद अंगाशी येण्याबद्दल. ही भीती खोटी नाही. केसपेपर गोपनीय असतो, पण झेरॉक्स फिरते. म्हणून एक सवय लावा. मूळ निदानाचा कागद फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांना द्यायचा. कॉलेज, नोकरी, बँक यांनी काही मागितलं तर डॉक्टरांकडून वेगळं पत्र घ्यायचं, ज्यात लागेल तेवढंच असेल आणि निदान नसेल. आम्ही असं पत्र देतो, मागायला संकोच करू नका. बऱ्याच ठिकाणचे संगणक अजून दहाव्या आवृत्तीवर चालतात, त्यामुळे एखाद्या डिस्चार्ज कार्डावर एफ६४ छापून येईल. आला तर डॉक्टरांना सांगून निदान शब्दांत लिहून घ्या. 'एफ' पाहून कुणी त्याला मनोरुग्ण म्हणू नये.

तो कागद कामी कुठं येतो तेही पाहा. टेस्टोस्टेरॉन सुरू झालं की रक्त दाट होऊ शकतं, म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट तपासायचं. पाळी बहुधा काही महिन्यांत थांबते, पण पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नाही. हे औषध गर्भनिरोधक नव्हे. आवाज फुटला की तो परत येत नाही. पुढं कधी स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर काय, हे बोलणं औषधाआधी व्हायला हवं. गर्भाशयाचं तोंड शरीरात आहे तोवर त्याच्या कर्करोगाची चाचणी लागते, कागदावर 'पुरुष' असलं तरी. माझ्या एका रुग्णाचा अनुभव सांगते. नोंदीत लिंग बदललं आणि त्याला चाचणीचं बोलावणं येणं बंद झालं, कारण संगणकात रकाना एकच होता. रक्तस्राव घेऊन गेला तेव्हा स्त्रीरोग विभागानं 'हा पुरुष आहे' म्हणून परत पाठवलं आणि दुसऱ्या विभागानं 'हे आमचं नाही' म्हणून. तीन दिवस गेले. असं झालं तर तिथं एचए६० लिहिलेला हा कागद टेबलावर ठेवायचा. उलटही होतं. ताप असो, पाय मुरगळलेला असो, डॉक्टर हॉर्मोनवरच बोलत बसतात. तेव्हा तुम्ही म्हणायचं, पायाचं बोला.

पुढच्या तपासणीला जाताना त्याला आधी विचारा, मी आत येऊ की बाहेर थांबू. तो बाहेर म्हणाला तर बाहेर थांबा, पाण्याची बाटली घेऊन. आत गेलात आणि डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून 'काय होतंय तिला?' असं विचारलं, तर तेवढ्या एका वेळी तुम्ही बोला. 'त्याला विचारा' म्हणा.